वर्तन विश्लेषणाचा पेपर शिकवायला आला आहे. प्रयोगशाळा नाही आणि वर्गात साठ विद्यार्थी

तिसरे सत्र (प्रश्न; शीर्षकांतली नावे ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे)

नमस्कार. मी एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक आहे. माझे संशोधन सामाजिक मानसशास्त्रातले आहे. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर मी शिकलो तो बी.ए.ला, अध्ययनाच्या प्रकरणातील चार-पाच पानांत, आणि नंतर नेटच्या तयारीत. आमच्या विभागातील ज्येष्ठ प्राध्यापिका मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि एम.ए.च्या तिसऱ्या सत्राचा ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ (इंग्रजी लघुरूप एबीए) हा चार श्रेयांकांचा पेपर कार्यभार वाटताना माझ्याकडे आला. बाईंनी जाताना टिपणांची जाडजूड फाइल दिली आहे. ती चाळल्यावर असे दिसले की तिच्यात व्याख्या, प्रकार आणि फरक स्पष्ट करा या धर्तीचे मुद्दे भरपूर आहेत, पण विद्यार्थ्याने स्वतः काय करायचे, याबद्दल जवळजवळ काहीच नाही.

वर्गात साठ विद्यार्थी आहेत आणि निम्म्याहून अधिक जणांची पदवी मराठी माध्यमातून झालेली आहे. विभागात पूर्वी उंदरांची प्रयोगशाळा होती असे सांगतात. आज त्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत आणि एका कपाटावर तरफ तुटलेली स्किनर पेटी (उंदराने तरफ दाबली की अन्न देणारी) धूळ खात पडली आहे. प्राणी ठेवायचे म्हटले तर नोंदणी, नीतिसमिती, देखभाल हे सारे आले, आणि ते या जन्मी आमच्याकडून होईलसे वाटत नाही. मग प्रात्यक्षिक कशाचे घ्यावे, ही माझी पहिली अडचण आहे.

दुसरी अडचण पहिल्याच तासाला आली. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे कुत्र्याला बिस्किट दाखवून शिकवण्यासारखेच नाही का? मग माणसाच्या मनाचे काय?” वर्ग हसला, मीही हसलो, आणि विषय पुढे नेला. घरी आल्यावर जाणवले की मला उत्तर येत नव्हते.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. दहा-बारा जणांनी हा पेपर घेतला आहे तो शहरातल्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या केंद्रांत ‘एबीए थेरपिस्ट हवेत’ अशा जाहिराती लागतात म्हणून. हा पेपर झाल्यावर आम्हाला ते काम करता येईल का, असे ते विचारतात. त्यांना प्रामाणिकपणे काय सांगावे? ज्यांनी हा विषय शिकवला आहे किंवा या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मोजदाद

मी हा विषय, वेगवेगळ्या नावांच्या पेपरांतून, बरीच वर्षे शिकवला आणि त्यातली पहिली काही वर्षे वाईट शिकवला. बाईंची फाइल टाकून देऊ नका, पण पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत तिला हात लावू नका. प्रबलनाची (परिणामामुळे वर्तन वाढण्याची) व्याख्या विद्यार्थ्यांना बारावीपासून पाठ असते. मोजणे मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते, आणि या शास्त्राचा सारा डोलारा मोजण्यावर उभा आहे.

माझा पहिला तास पुढीलप्रमाणे असे. दोन विद्यार्थ्यांना मागच्या बाकावर बसवायचे, तिसऱ्या एकाची आधी परवानगी घ्यायची आणि दहा मिनिटांत तो किती वेळा ‘विचलित होतो’ ते दोघांनी एकमेकांकडे न पाहता टिपायचे. एका वर्षी एकाचा आकडा नऊ आला आणि दुसरीचा तेवीस. लहान आकड्याला मोठ्या आकड्याने भागले तर सहमती अवघी ३९ टक्के. साधारणपणे ८० टक्क्यांच्या खालची नोंद आपण विश्वासार्ह मानत नाही. मग दोघांत भांडण जुंपले. एक म्हणाला की खिडकीबाहेर पाहणे म्हणजे विचलित होणे. दुसरीने पेनाचे टोपण चावणेही धरले होते. भांडू द्यावे. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतःच फळ्यावर लिहिले: ‘मान वही, फळा किंवा बोलणारी व्यक्ती यांच्यापासून दुसरीकडे वळणे आणि तशीच निदान तीन सेकंद राहणे.’ पुन्हा दहा मिनिटे मोजले तेव्हा आकडे अठरा आणि वीस आले, म्हणजे सहमती ९० टक्के. वर्तनाची क्रियात्मक व्याख्या म्हणजे काय, हे मला त्यानंतर त्या वर्गाला सांगावे लागले नाही.

याच ओघात ऑग्डन लिंडस्ली यांची मृत माणसाची कसोटी सांगावी: जे मेलेला माणूसही करू शकतो, ते वर्तन नव्हे. ‘वर्गात गप्प बसणे’, ‘त्रास न देणे’, ‘जागेवरून न उठणे’ ही उद्दिष्टे या कसोटीवर धडाधड कोसळतात. शाळांच्या प्रगतिपुस्तकांत शेरे म्हणून हीच वाक्ये असतात, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले की वर्ग जागा होतो.

त्यानंतर नमुना-निरीक्षणाच्या पद्धती घ्याव्यात, आणि त्या गणिताने घ्याव्यात. समजा, एक मुलगा दर पंधरा सेकंदांत दोन सेकंद मोबाइलकडे पाहतो. दहा मिनिटांचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चाळीस तुकडे केले आणि ‘तुकड्यात कधीही घडले तरी खूण’ असा नियम ठेवला, तर उत्तर शंभर टक्के येते. ‘पूर्ण तुकडाभर घडले तरच खूण’ असा नियम ठेवला, तर शून्य. प्रत्यक्षात तो जवळपास तेरा टक्के वेळ मोबाइल पाहतो. मुलगा तोच, दहा मिनिटे तीच, आणि एका अहवालानुसार तो सतत मोबाइलमध्ये, तर दुसऱ्यानुसार आदर्श विद्यार्थी. हे फळ्यावर एकदा केले की कुठलाही अहवाल हाती आला तरी तुमचे विद्यार्थी आधी विचारतील, “पण मोजले कसे?”

आता फाइल उघडायला हरकत नाही. ऋण प्रबलनाला शिक्षा समजणे ही सार्वत्रिक चूक आहे आणि मी तपासलेल्या नेटधारकांच्या उत्तरपत्रिकांतही ती सापडलेली आहे. व्याख्या पुन्हा सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याऐवजी कोणत्याही घरातले जेवणाचे ताट घ्यावे. मूल रडते, आई मोबाइल हाती देते, मूल गप्प होते आणि जेवू लागते. मुलाच्या बाजूने पाहिले तर रडण्यानंतर मोबाइल मिळाला आणि रडणे पुढच्या वेळी वाढले: धन प्रबलन. आईच्या बाजूने पाहिले तर मोबाइल देण्यानंतर कर्कश आवाज थांबला आणि मोबाइल देणे पुढच्या वेळी वाढले: ऋण प्रबलन. शिक्षा कोणालाच झालेली नाही. एकाच प्रसंगात दोन वर्तने एकमेकांना पोसत आहेत, हे दिसले की धन-ऋण म्हणजे चांगले-वाईट नव्हे, ते भर पडणे आणि दूर होणे आहे, हे डोक्यात बसते. शिवाय आईला दोष देण्याची आपली जी सवय आहे, तिलाही थोडा लगाम बसतो. पुढे विलोपनाच्या (प्रबलन थांबवण्याच्या) वेळी हेच ताट परत आणा: आजपासून मोबाइल नाही असे ठरवल्यावर रडणे आधी कमी न होता वाढते, आणि नेमके त्याच टोकाला घरचे माघार घेतात. असे झाले म्हणजे मोठ्याने रडण्याला प्रबलन मिळाले.

प्रबलनाच्या अनुसूचींसाठी (प्रबलन किती कृतींनंतर किंवा किती वेळाने मिळते याच्या नियमांसाठी) उंदीर नको. सोलापूरकडच्या विद्यार्थ्यांना हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी ठाऊक असते. मटक्याचा आकडा लावणारा एखादा तरी गल्लीत असतो. आणि सत्र परीक्षेच्या आधी आठवडाभर वाढणारा अभ्यास तर वर्गाच्या स्वतःच्याच अंगावरचा पुरावा असतो. उदाहरण काटेकोरपणे बसत नाही तिथे ते का बसत नाही यावर वाद घाला. त्या वादातच विषय शिकून होतो.

आकार देण्यासाठी (हवे ते वर्तन छोट्या पायऱ्यांनी घडवण्यासाठी) टाळीचा खेळ घ्या. एकाला बाहेर पाठवायचे, बाकीच्यांनी एक कृती ठरवायची, उदाहरणार्थ फळ्यावरचे डस्टर उचलून खिडकीत ठेवणे, आणि तो आत आल्यावर शब्द न बोलता, योग्य दिशेच्या प्रत्येक छोट्या हालचालीला एकच टाळी द्यायची. टाळी उशिरा पडली की बिचारा भलतीच हालचाल करू लागतो. एकदा आमच्या एका विद्यार्थ्याने प्रत्येक पावलाआधी कान खाजवायला सुरुवात केली, कारण पहिली टाळी योगायोगाने त्याच क्षणी पडली होती. स्किनर यांनी १९४८ मध्ये कबुतरांच्या ‘अंधश्रद्धे’बद्दल (योगायोगाने मिळालेल्या अन्नाने निरर्थक हालचाल पक्की होण्याबद्दल) जे लिहिले, ते त्या दिवशी वर्गाने कानाच्या रूपाने पाहिले.

प्रकल्प स्वतःच्याच वर्तनावर द्यावा आणि तो दहा आठवडे चालवावा. रात्री अकरानंतर मोबाइल किती वेळा उचलला, दिवसात किती पाने वाचली, असे काहीही चालेल, पण दोन आठवडे फक्त नोंद, हस्तक्षेप नाही. काहींचे वर्तन नोंद ठेवल्यानेच बदलते. तेही शिकण्यासारखे आहे. लहान भावंडांवर, शेजारच्या मुलांवर ‘प्रयोग’ करायला मात्र अजिबात परवानगी देऊ नये. मी एकदा दिली होती. पुन्हा दिली नाही.

एक इशारा. हे प्रकल्प विभागात सादर होतील तेव्हा संशोधनपद्धती शिकवणारे तुमचे सहकारी विचारतील, “एकच व्यक्ती? नमुना कुठे आहे? टी-चाचणी का नाही?” त्यासाठी एकल-सहभागी अभिकल्पाला दोन पूर्ण आठवडे राखून ठेवा. तुलना माणसामाणसांत नसून त्याच माणसाच्या दोन अवस्थांत आहे, पायाभूत टप्प्याची (हस्तक्षेपाआधीच्या नोंदीची) रेषा स्थिर असल्याशिवाय हस्तक्षेप सुरू करायचा नाही, हस्तक्षेप काढल्यावर वर्तन मागे फिरले तर कारणाबद्दल बोलण्याचा अधिकार मिळतो, आणि जिथे मागे फिरवणे घातक आहे तिथे, म्हणजे मूल स्वतःला इजा करत असेल तर, बहुपायाभूत अभिकल्प (हस्तक्षेप वेगवेगळ्या वर्तनांवर किंवा व्यक्तींवर वेगवेगळ्या वेळी सुरू करणे) वापरायचा. एवढे आलेख काढून, हाताने, आलेखकागदावर शिकवले तर सहकाऱ्यांना उत्तर विद्यार्थीच देतील.

दुपारची शाळा

मी विशेष शिक्षिका आहे आणि आमच्या शहरातील एका महाविद्यालयात वर्षातून काही तास याच विषयावर पाहुणी व्याख्याती म्हणून जाते. मोजदाद सरांचे सगळे पटले, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी स्पर्श केला नाही, म्हणून लिहिते आहे.

बिस्किटाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला कृपया हसण्यावारी नेऊ नका. तिने जे विचारले ते स्वमग्न प्रौढ व्यक्ती गेली अनेक वर्षे अधिक कडक शब्दांत विचारत आहेत, आणि त्यांच्याकडे कारणे आहेत. ओले इव्हार लोव्हास यांचा स्वमग्न मुलांवरील उपचाराचा १९८७ चा अभ्यास तुमच्या फाइलमध्ये असणारच: आठवड्याला चाळीस तास, एकोणीस मुले, त्यांतली नऊ मुले नियमित पहिलीत गेली आणि त्यांचा बुद्ध्यंक सर्वसाधारण कक्षेत आला. फाइलमध्ये बहुधा एवढेच असेल. त्या उपचारात मोठ्याने ‘नाही’ ओरडणे आणि मांडीवर चापट मारणे हेही होते, आणि मुलांची गटांत विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती; या दोन गोष्टी त्याच तासाला, त्याच दमात सांगा. पालकांना केंद्रांच्या माहितीपत्रकांत पहिला अर्धा भाग वाचायला मिळतो. तुमच्या विद्यार्थ्यांनी दुसरा अर्धाही वाचलेला असावा.

आता माझा स्वतःचा अनुभव. मी ज्या केंद्रात सुरुवातीला काम केले तिथे प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये पहिले उद्दिष्ट छापील असे: ‘डोळ्यांत डोळे घालून पाच सेकंद पाहणे’. सहा वर्षांचा एक मुलगा होता. टेबलापलीकडून मी त्याचे नाव घेई, तो पाही, मी चुरमुऱ्याचा एक दाणा देई आणि तक्त्यावर अधिकची खूण करी. तक्ता सुंदर होता. तीन आठवड्यांत ऐंशी टक्के. एके दिवशी त्याची आजी न्यायला लवकर आली. तिने दारातून पाहिले आणि मला विचारले, “बाई, याला पाणी मागता येतंय का हो?” येत नव्हते. तहान लागली की तो डोके भिंतीवर आपटे, आणि त्याची नोंद आम्ही ‘समस्या वर्तन’ या वेगळ्या रकान्यात करत होतो.

ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या मुलांबद्दल जे दाखवले, ते मी त्यानंतर नीट वाचले. वर्तन दिसायला एकच असले तरी एक मूल ते लक्ष वेधण्यासाठी करते, दुसरे नको असलेल्या कामातून सुटण्यासाठी, तिसऱ्याला त्या संवेदनेतूनच काही मिळते, आणि कार्य कळल्याशिवाय उपाय ठरवणे म्हणजे अंधारात तीर मारणे. आम्ही त्या मुलाला ‘पाणी’चे चित्र उचलून हातात द्यायला शिकवले. भिंतीवर डोके आपटणे थांबायला फार काळ लागला नाही. डोळ्यांत पाहण्याचे उद्दिष्ट मी फाइलमधून खोडले आणि त्यावरून वरिष्ठांशी वादही झाला.

तेव्हा त्या मुलीला असे उत्तर देता येईल: कुत्र्याला बिस्किट देणारा स्वतःला हवे ते कुत्र्याकडून करवून घेतो, आपण आधी हे शोधतो की या माणसाला काय हवे आहे आणि ते मिळवण्याचा कमी त्रासाचा मार्ग त्याच्याकडे का नाही. पण हे उत्तर देताना हेही कबूल करावे लागते की हीच तंत्रे दोन्ही कामांसाठी वापरता येतात आणि वापरली गेली आहेत. हात फडफडवणे कोणाला त्रास देते? मुलाला, की पाहणाऱ्याला? हा प्रश्न माझ्या प्रत्येक व्याख्यानात मी विद्यार्थ्यांना लिहून काढायला लावते आणि मूल उठून जाऊ लागले, तोंड फिरवू लागले तर तो नकार कसा नोंदवायचा, हेही शिकवते. बोलता न येणाऱ्या मुलाची संमती त्याच्या शरीराच्या हालचालींतच वाचावी लागते.

नोकरीबद्दल: तुमच्या विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगा की चार श्रेयांकांच्या पेपराने कोणी थेरपिस्ट होत नाही. अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनात व्यावसायिक म्हणून काम करायचे तर १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हा मुद्दा येतो आणि ती नोंदणी तिने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांतून मिळते. विशेष शिक्षणाची पदवी-पदविका हा त्यांतला जवळचा रस्ता. जाहिरात देणारे केंद्र पर्यवेक्षण कोणाचे आहे हे सांगू शकत नसेल, तर तिथे जाऊ नये.

भरतीओहोटी

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील एका विद्यापीठात हाच विषय पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. शाळा आणि पदवी दोन्ही कोल्हापुरात झाली. प्रमाणपत्राचा मुद्दा आलाच आहे तर तो पुरा करतो, कारण भारतातून दर महिन्याला मला याबद्दल ईमेल येतात.

इथे ‘बीसीबीए’ (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट) होण्यासाठी पदव्युत्तर पदवी, ठरावीक विषयांचा अभ्यासक्रम, पर्यवेक्षणाखाली दोन हजार तासांचे (सघन पर्यवेक्षण असेल तर पंधराशे तासांचे) क्षेत्रकार्य आणि शेवटी परीक्षा असा प्रवास असतो. ते देणारे मंडळ १९९८ मध्ये स्थापन झाले. परंतु १ जानेवारी २०२३ पासून त्या मंडळाने आपले काम मोजक्या देशांपुरते मर्यादित केले आणि भारतात राहणाऱ्या नव्या उमेदवारांना तो दरवाजा बंद झाला. याची कल्पना नसलेले लोक अजूनही महागडे ऑनलाइन अभ्यासक्रम घेतात, आणि ते विकणारे त्यांना ती देत नाहीत. भारतात राहून मिळवता येतील अशी इतर आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रे आहेत, पण ती घेण्याआधी आपल्याकडच्या कायद्यात त्यांना काय स्थान आहे ते पाहिले पाहिजे. याच संदर्भात एक गोष्ट तुमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवा: संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याच्या अनुसूचीत ‘बिहेवियरल ॲनालिस्ट’ हा व्यवसाय नावानिशी आलेला आहे. म्हणजे पुढेमागे या नावाला निश्चित शैक्षणिक पात्रता जोडली जाणार, आणि ती काय असावी या चर्चेत तुमच्यासारख्या विभागांनी आतापासून असायला हवे.

आता अध्यापनाबद्दल, कारण मला खरे तर त्यावरच लिहायचे होते. वर्तन विश्लेषण शिकवणारा शिक्षक साठ मिनिटे सलग बोलतो आणि साठ विद्यार्थी निमूट ऐकतात, हे दृश्य म्हणजे आपल्याच शास्त्राचा पराभव आहे. ‘आधी केले मग सांगितले’ हे इथे शब्दशः लागू आहे. फ्रेड केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात ब्राझिलियातील नव्या विद्यापीठात शिकवण्यासाठी जी पद्धत बांधली, तिच्यात विद्यार्थी आपल्या गतीने घटक पुरा करी, त्यावर प्रभुत्व दाखवल्याशिवाय पुढे जात नसे, आणि व्याख्यान हे मुख्य माध्यम न राहता उत्सुकता वाढवण्यापुरते उरे. तुमच्या सत्राच्या वेळापत्रकात आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ती जशीच्या तशी बसणार नाही. मलाही ती बसवता आलेली नाही.

मी वापरतो ती पद्धत बॉयस आणि हाइनलाइन यांनी २००२ मध्ये मांडली. वाचनाबरोबर आठ-दहा प्रश्न आधी द्यायचे. वर्गात विद्यार्थ्यांनी जोड्यांत बसून ते एकमेकांना समजावायचे. मी बाकांमधून फिरायचे. शेवटी प्रत्येक जोडीने एका चिठ्ठीवर कोणता प्रश्न अडला ते लिहायचे. आणि पुढच्या तासाचे माझे व्याख्यान फक्त त्या चिठ्ठ्यांवर, वीस मिनिटांचे. साठ विद्यार्थ्यांत तीस जोड्या होतात आणि एकाच वेळी तीस तोंडे विषयावर बोलत असतात. तुमच्याकडे मराठी माध्यमाचे विद्यार्थी आहेत, त्यांना तर हे वरदान आहे, कारण इंग्रजीत वाचलेले ते मराठीत समजावतील आणि समजावताना अडखळतील तिथेच तुम्हाला कळेल की काय कळलेले नाही. पहिले दोन आठवडे गोंधळ होतो. मुख्य दरवाजातून डोकावणाऱ्या विभागप्रमुखांना आधी सांगून ठेवा.

मनाच्या प्रश्नावर एकच भर घालतो. विचार आणि भावना नाहीतच, असे स्किनर म्हणत नव्हते. १९४५ पासून ते खासगी घटनांबद्दल लिहीत होते. त्यांचे म्हणणे असे की विचार करणे हेही वर्तनच आहे, फक्त त्याचा साक्षीदार एकटाच असतो, आणि म्हणून ‘तो अभ्यास करत नाही कारण तो आळशी आहे’ या वाक्यात ‘आळशी’ हे कारण नसून त्याच न केलेल्या अभ्यासाला दिलेले दुसरे नाव आहे. वर्गाला हे वाक्य द्या आणि तसली दहा वाक्ये घरून गोळा करून आणायला सांगा. मला एका वर्षी विद्यार्थ्यांच्या आयांची चौदा वाक्ये मिळाली होती.

शब्दवेध

मोजदाद सर आणि भरतीओहोटी यांना एक विनंती, आणि मूळ प्रश्नकर्त्यांना एक सूचना. मी मराठीत मानसशास्त्राच्या अभ्याससाहित्याचे संपादन करतो. ‘साधक अभिसंधान’ (ऑपरंट कंडिशनिंग), ‘प्रबलन’, ‘विलोपन’ हे शब्द रुळलेले आहेत, ते वापरावेत. मात्र ‘धन’ऐवजी ‘सकारात्मक’ आणि ‘ऋण’ऐवजी ‘नकारात्मक’ लिहिले की मराठी वाचक हमखास चांगले-वाईट असाच अर्थ घेतो, कारण वर्तमानपत्रांनी या दोन शब्दांना तोच अर्थ दिला आहे. गणितातले धन आणि ऋण आपल्या मुलांना शाळेपासून माहीत आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जी अडचण येते ती मराठी शब्द नीट निवडला तर आपल्याला येऊच नये. ‘शिक्षा’ या शब्दाबद्दल मात्र मी अजून समाधानी नाही. त्यात अपराध आणि न्यायाधीश दोघेही लपलेले आहेत, तर शास्त्राला केवळ एवढेच म्हणायचे आहे की परिणामानंतर वर्तन घटले.

तिसरे सत्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवडे उत्तर दिले नाही, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

मोजण्याचा तास घेतला. आमच्याकडे आकडे सात आणि एकतीस आले. एकतीस मोजणाऱ्या विद्यार्थिनीने पापण्यांची उघडझापही धरली होती असे तिने नंतर सांगितले. व्याख्या तीनदा बदलावी लागली आणि तिसऱ्या वेळी सहमती ८६ टक्क्यांवर गेली. घंटा झाली तरी कोणी उठले नाही, असे माझ्या तासाला पहिल्यांदाच घडले. (हा प्रबलक माझ्यासाठी होता, हे मी नोंदवून ठेवतो.) जोड्यांच्या पद्धतीत पहिल्या दिवशी निम्मा वर्ग गप्पा मारत होता, दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या अनिवार्य केल्यावर बावीस चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतल्या सोळांवर ऋण प्रबलनच होते. जेवणाचे ताट कामाला आले.

नोकरीबद्दल दुपारची शाळा यांनी लिहिलेले आणि २०२३ च्या बदलाची माहिती मी वर्गात जशीच्या तशी सांगितली. दोघांनी एका ऑनलाइन अभ्यासक्रमाची नोंदणी करण्यासाठी पैसे जमवले होते, ते थांबले आहेत. एकीने विशेष शिक्षणाच्या पदविकेची चौकशी सुरू केली.

बिस्किटाचा प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी काल पुन्हा भेटली. तिला मी लोव्हास यांच्या अभ्यासाचे दोन्ही अर्धे भाग सांगितले, आजीचा प्रसंगही सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की तिचा धाकटा भाऊ स्वमग्न आहे, त्याला तीन वर्षे अशाच एका केंद्रात नेत होते, आणि तो आजही चुरमुरे पाहिले की खोलीबाहेर जातो. तिला स्वयंप्रकल्पाऐवजी घरात भाऊ नकार कसकसा देतो याची फक्त नोंद ठेवायची आहे. हस्तक्षेप काहीही नाही. भावंडांवर प्रयोग नको हा मोजदाद सरांचा नियम मला मान्य आहे. केवळ निरीक्षण असले तरी तो नियम मोडतो का?

मोजदाद

आई-वडिलांची लेखी परवानगी घ्या, विभागाच्या नीतिसमितीपुढे ठेवा, आणि नोंदवही पाहून भाऊ उठून गेला तर त्या दिवसाची नोंद तिथेच थांबवायची, हे कागदावर लिहून घ्या. बाकी तिला करू द्या. व्याख्या मात्र तिने एकटीने लिहू नये. आईनेही स्वतंत्रपणे मोजावे, आणि दोघींचे आकडे आले की इथे कळवा.